डॉलिशची दुपार

आज अख्खी दुपार इंग्लंडच्या डेव्हनमधल्या डॉलिशला समुद्रभिंतीवर काढली. इंजिनिअर ब्रुनेलची ही १८४६ची रेल्वेलाइन पाण्याला इतकी खेटून जाते, आपली कोकण रेल्वेसुद्धा समुद्राच्या एवढी जवळ जात नाही!

शेजारी एक आजोबा, गळ्यात दुर्बीण, हातात गाड्यांच्या नंबरांची जुनी वही. ग्रेट वेस्टर्न या रेल्वे कंपनीची गडद हिरवी गाडी गेली. मी विचारलं, हिच्या तोंडाला पिवळा रंग कसा नाही? म्हणाले, रुळांवर काम करणाऱ्यांना गाडी लांबून दिसावी म्हणून तो असतो. आता हेडलाइट पुरेसे प्रखर असले तर नसला तरी चालतो. मागोमाग पिवळ्या तोंडाची ‘व्हॉयेजर’ प्रकारची गाडी धडधडत गेली. मला बाई तीच आवडली. वळणावर आधी तो पिवळा ठिपका दिसतो, मग गाडी.

फेब्रुवारी २०१४च्या वादळात इथली भिंत वाहून गेली होती, रूळ अक्षरशः हवेत लोंबकळत होते. ४ एप्रिलला गाड्या पुन्हा सुरू. दोन महिन्यांत! त्या कामगारांना मनापासून नमस्कार.

भरतीचे तुषार चष्म्यावर उडायला लागले तशी मी निघाले. आजोबा वही छातीशी धरून तिथेच उभे होते, पुढच्या गाडीसाठी.