सिमेंटखाली कुजलेले वासे

टांझानियातल्या झांझिबारच्या स्टोन टाउनमधलं, म्हणजे तिथल्या जुन्या शहरातलं, दुमजली घर. तळमजल्याचं छत मध्यात झोल खाऊन खाली आलेलं. वासे किती बदलावे लागतील, एवढंच मालकांना हवं होतं. मी आधी भिंत लाकडी हातोडीने ठोकत गेलो. पन्हळीखालच्या कोपऱ्यात आवाज बद्द आला.

इथल्या भिंती पोवळ्याचा खडक, चुना आणि तांबड्या मातीच्या, जाडी साधारण अर्धा मीटर. त्या ओल घेतात आणि चुन्यातून बाहेरही टाकतात. इथे मात्र वरून सिमेंटचा गिलावा चढवलेला. पन्हळीचं पाणी भिंतीत शिरलं, पण बाहेर पडायला वाट नव्हती. मग ते मुरलं वाशांच्या टोकांत.

हे वासे म्हणजे ‘बोरीती’, खारफुटीचे सोट. तीनेक मीटरच्या पुढे ते पेलत नाहीत, म्हणून जुन्या घरांतल्या खोल्या लांबलचक पण अरुंद. खोलीची रुंदी कांदळवनानेच ठरवली म्हणा ना.

फुंदींनी, म्हणजे गवंड्यांनी, आधी टेकू दिले, खाली जाड फळ्या घालून. वाशांवर दगड-चुन्याचा जड थर असतो. टेकूशिवाय भिंत सोलली तर सगळंच अंगावर यायचं. मग सिमेंट वरून खाली काढलं, छिन्नी तिरकी धरून. सरळ घाव घातला की सिमेंटबरोबर मऊ पोवळंही निघतं. आत वाशांचे मधले भाग ठणठणीत, भिंतीतल्या टोकांचा मात्र भुगा.

नवा वासा बसवताना टोकाभोवती हवेला जागा ठेवायची, सिमेंटने चिणायचं नाही. गिलाव्याला एक भाग मुरवलेला चुना, तीन भाग धुतलेली वाळू. समुद्राची वाळू तशीच वापरली तर मिठाने पापुद्रे सुटतात. थर सेंटिमीटरभरच, वर ओली गोणपाटं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो. उन्हात भराभर वाळला की तडकतो. मग लोक चुन्याला नावं ठेवतात आणि पुन्हा सिमेंट आणतात.

पाहुणे पितळी खिळ्यांच्या कोरीव दरवाजांचे फोटो काढतात, भिंतीकडे कोण बघतो? इथलाच १८८३ चा बैत अल-अजाइब हा राजवाडा २०२० च्या डिसेंबरमध्ये डागडुजी चालू असतानाच अर्धवट कोसळला, तेव्हा काही दिवस सगळे भिंतींबद्दल बोलत होते.

मालकांना पावसाआधी गिलावा उरकायचा होता. मी पन्हळ आधी बदलायला लावली. भिंत सुकेपर्यंत थापी लावायची नाही, हेही तिथेच ठरलं.