खोडातली चूक

"मधोमध कापायचा. आडवा. तुम्ही फक्त रेषा आखून द्या."

फोनवरचा आवाज अगदी व्यवहारी होता, केकबद्दल बोलावं तसा. जुनी कापडं सांभाळायचं, दुरुस्त करायचं काम करत मला बावीस वर्षं झाली. पैठण्या, पाटोळी, जरीचे अंगरखे, कसरीनं चाळणी केलेल्या शाली, सगळं हाताखालून गेलंय. येणारा प्रत्येक जण "वाचेल का?" असं विचारतो. कापून मागणारं हे पहिलंच गिऱ्हाईक. म्हटलं, आधी बघू तरी द्या.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता टॅक्सीतून तिघं उतरली. भाऊ, बहीण आणि त्यांची चौऱ्याऐंशी वर्षांची आत्या. मुंबईतली इराणी मंडळी, जरथुष्ट्री. आत्याबाईंचे वडील यझ्दकडच्या एका खेड्यातून क्वेट्ट्यामार्गे इथे आले. आधी दुसऱ्याच्या हॉटेलात कपबशा विसळल्या, मग स्वतःचं हॉटेल काढलं. ते हॉटेल कधीच विकलं गेलं. आता भाऊ टोरांटोला, बहीण दादरला. घर रिकामं करताना भांड्यांपासून फोटोंपर्यंत सगळ्याची वाटणी झाली आणि हा एक गालिचा उरला. दोघांनाही हवा होता, म्हणून अर्धा अर्धा.

टेबलावर उलगडला आणि मी गप्प झाले. पावणेसात फूट लांब, सव्वाचार फूट रुंद. मधोमध एकच सरूचं झाड, फांद्यांवर पक्षी, भोवती गुलाबांचा काठ. जमीन लाल, पण मंजिष्ठाच्या विटकरी लालाकडे झुकणारी नाही. निळसर झाक असलेला, किरमिजी किड्यापासून निघणारा लाल. हा लाल, सुती ताणा म्हणजे उभे धागे आणि गुलाबांची ही हौस बघून माझ्या तोंडून निघालं, "केरमान." आत्याबाई खूश झाल्या. यझ्दहून केरमान लांब नाही.

झाडाच्या खोडात बुंध्याच्या वर एक बारीक वाक होता. बोटभर सरकल्यासारखं खोड तिथे अडखळत होतं. बहिणीनं त्यावर हात ठेवला. "ही मुद्दाम केलेली चूक. निर्दोष फक्त देव, म्हणून विणकर एक चूक ठेवतो. आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला ही दाखवायचे."

ही गोष्ट गालिच्यांच्या दुकानात चहाबरोबर मिळते. माझा तिच्यावर फारसा विश्वास नाही. महिनोन्‌महिने हातानं गाठी मारणाऱ्या माणसाला चूक मुद्दाम करावी लागत नाही, ती आपल्या पायांनी येते. रंगाचा घाणा संपतो आणि पुढच्या घाण्यातला निळा अर्धी छटा फिका निघतो, त्या पट्ट्याला इराणात अब्राश म्हणतात. कधी विणकर आजारी पडतो आणि त्याच्या जागी दुसरा हात बसतो. पण मी बोलले नाही. घरच्या गोष्टीवर पहिल्याच तासाला बोट ठेवायचं नसतं.

नक्षीतल्या खुणांचा अर्थ सांगणाऱ्या याद्यांचंही तसंच. कंगवा म्हणजे अमुक, मासा म्हणजे तमुक. आपल्याला जी कोयरी दिसते तिला तिकडे बोते म्हणतात. आपल्याला तिच्यात आंबा दिसतो, इराण्यांपैकी कित्येकांना वाऱ्यानं वाकलेला सरू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केरमानचा शालींचा धंदा बसला, तेव्हा तिथले नक्षीकार गालिच्यांकडे वळले आणि शालीवरच्या कोयऱ्या जमिनीवर उतरल्या. सरूचं मात्र आत्याबाईंनी मला वेगळं सांगितलं, तेही मराठीत. मराठी त्या हॉटेलातल्या कोकणी पोऱ्यांकडून शिकलेल्या. "सरू कधी सुकत नाय, म्हणून तो आमचा. काश्मरला जरथुष्ट्राने लावलेला, तो खलिफाने तोडला." काश्मर गाव खोरासानातलं, आपल्या काश्मीरशी त्याचा संबंध नाही. ते झाड खलिफा मुतवक्किलच्या हुकमावरून इसवी सन ८६१ मध्ये तोडलं, असं परंपरा सांगते. यझ्द प्रांतातला अबरकूहचा सरू अजून उभा आहे आणि त्याचं वय चार हजार वर्षांच्या वर धरतात.

"आणि आता आपला हा तोडणार," बहीण भावाकडे बघत म्हणाली. "अरबांनी खुस्रोचा कापला तसा." हे टोचून बोलणं होतं. खुस्रो हा अरब येण्याआधीच्या इराणचा सासानी राजा. या सासानी राजांच्या तेसिफोनच्या महालात वसंतातल्या बागेचा एक प्रचंड गालिचा होता, रत्नं जडवलेला. ६३७ मध्ये शहर पडलं आणि लुटीची वाटणी करताना त्याचे तुकडे केले, असं जुन्या इतिहासांत आहे. भाऊ खिडकीबाहेर बघत राहिला.

मला गालिच्याची पाठ हवी होती. गाठी तिथे मोजता येतात. पण पाठीला अस्तर होतं, निळ्यापांढऱ्या पट्ट्यांचं, गादीला असतं तसलं जाड कापड. ते कधीपासून आहे कोणाला माहीत नव्हतं. एका कोपऱ्यातून उसवायची परवानगी घेतली.

भिंग लावून मोजलं. इंचात आडव्या पंधरा, उभ्या सोळा. म्हणजे एका चौरस इंचात २४० आणि सगळ्या गालिच्यात दहा लाखांच्या आसपास. चांगला विणकर दिवसाला आठेक हजार गाठी मारतो असं धरलं, तर एकट्याचे सव्वाशे दिवस. भावाला मी हे आकडे मुद्दाम ऐकवले. मग भिंगाखाली एक गाठ दाखवली. इराणी गाठ म्हणजे खरं तर वेटोळं. लोकरीचा धागा दोन उभ्या धाग्यांपैकी एकाला पुरता वेढा घालतो, दुसऱ्याच्या नुसता मागून जातो आणि दोन्ही टोकं वर येतात. एक ओळ झाली की आडवे धागे ओवायचे, केरमानला बहुधा तीन, आणि पंजा म्हणतात त्या जड फणीनं ठोकून बसवायचे. इंग्रजी पुस्तकं हिला सेन्ने गाठ म्हणतात. गंमत अशी की सेन्ने, म्हणजे इराणातलं आजचं सनंदज, तिथले विणकर मारतात दुसरीच, तुर्की गाठ.

"सगळा भार या उभ्या धाग्यांवर," मी म्हटलं. "आडवा कापलात की हे सगळे तुटले. मग आडवे धागे सुटतात आणि त्यांच्या मागोमाग गाठी. गेली शंभरेक वर्षं हा अखंड राहिलाय."

अखंड हा शब्द मी त्या सकाळी चार-पाच वेळा तरी वापरला असेल.

अस्तर मधल्या भागापर्यंत उसवत आले आणि हात थांबला. पाठीवर, या काठापासून त्या काठापर्यंत, एक शिवण होती. दाभणानं घातलेले मोठे, तिरके टाके. दोरा पिळाचा, मेण लावलेला, गादीवाले वापरतात तो. इराणातल्या रफूगराचं हे काम नव्हतं. हा शब्द तिकडचाच, आपण फक्त रफूगार केला. त्यानं नवे ताणे भरून गाठी पुन्हा विणल्या असत्या. इथे कोणीतरी गालिचा कापून, मधला पट्टा काढून, उरलेले दोन भाग टोकाला टोक लावून शिवले होते. सुलट करून काठ पाहिला. गुलाब, पान, कळी, गुलाब, अशी नऊ-दहा इंचांची लय होती. शिवणीपाशी अर्धा गुलाब थेट कळीला भिडत होता. किमान अर्धा गुलाब आणि पान एवढा तुकडा गेलेला. आणि शिवताना दोन भाग बोटभर सरकले होते, ते नेमके खोडात दिसत होते.

देवासाठी ठेवलेली चूक ती हीच.

मी तिघांना पाठ दाखवली. बहीण बराच वेळ वाकून बघत राहिली. मग आत्याबाई म्हणाल्या, "हा, तो पिंजारी. विसरलेच मी."

धोबीतलावची जुनी खोली. गालिचा पसरला की दार उघडायचं नाही. दुमडून ठेवला तर येणारा-जाणारा ठेचकाळायचा. एक दिवस वडिलांनी गाद्या करणाऱ्याला बोलावलं आणि गालिचा दारापुरता आखूड करून घेतला. "आई दोन दिवस जेवली नाय."

"आणि देवाची चूक?" बहिणीनं विचारलं.

"ते बाबा लोकांना सांगायचा. कोणी विचारलं झाड वाकडं का, तर काय सांगणार, दार उघडत नव्हतं?"

"कापलेला तुकडा?"

"गल्ल्याच्या खुर्चीवर. बाबा त्याच्यावर बसायचा. हॉटेल विकलं तेव्हा खुर्ची पण गेली."

भाऊ तोवर काही बोलला नव्हता. तो हळूच म्हणाला, "म्हणजे आता कापायलाच नको. टाके उसवले की दोन भाग होतात."

मला उत्तर सुचलं नाही. सकाळपासून ज्या शब्दावर टेकून उभी होते तो शब्दच गेला होता. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातला, इराणातल्या अर्दबीलचा गालिचा मी पाहिलाय. रंग जपण्यासाठी त्याच्यावरचे दिवे दर अर्ध्या तासानं दहाच मिनिटं उजळतात. त्यावर मकसूद काशानीचं नाव आणि हिजरी ९४६, म्हणजे १५३९-४० हे साल विणलेलं आहे. १८९३ मध्ये विल्यम मॉरिसच्या सल्ल्यानं तो दोन हजार पौंडांना घेतला. त्याच्या जोडीचा गालिचा कापून, ते तुकडे लावून, याला पुरा केला होता. जोडीचा उरलेला भाग आता लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात आहे. अखंड म्हणून लोक ज्याच्यासमोर दहा मिनिटं श्वास रोखून उभे राहतात त्याची ही कथा. मी यांना कोणत्या तोंडानं अडवणार होते?

शिवाय ती शिवण मला उसवायचीच होती. कडक दोरा ताण्याला करवतीसारखा कापत होता, कापड तिथे चुणलं होतं. हे दडवून कामाला हात घालणं बरोबर नव्हतं, म्हणून सांगून टाकलं. "उसवा," भाऊ म्हणाला.

दुपारी दोन ते चार मी टाके काढले. खाली पांढरा कागद अंथरला होता. खोडाची कड लोहाच्या काळसर रंगातली होती. तो रंग लोकर खातो, म्हणून तिथली लव झिजून खोड कोरल्यासारखं वर आलं होतं. शेवटचा टाका निघाला आणि दोन्ही भाग सुटले. भावानं आपल्या बाजूचा भाग जरा ओढून घेतला, नेऊन बघावा तसा. कडेच्या गाठी कागदावर पडल्या. लाल, लाल, एक निळी, मग ओळीनं पाच-सहा तपकिरी, खोडाच्या. आवाज काही होत नाही त्याचा. त्यानं घाबरून तळवा कडेवर दाबून धरला आणि तसाच उभा राहिला.

"हात काढला तर?"

"अजून पडतील."

"मग शिवा ना लवकर."

बहीण हसली नाही, याचं मला बरं वाटलं. तिनं दुसऱ्या बाजूची कड दाबून धरली. मी बारीक सुती धाग्यानं आधी दोन्ही कडा बांधल्या, मग त्या अर्धवट गुलाबाला कळी पुन्हा जोडली. खोड सरळ करू का, विचारलं. बोटभर सरकवलं की जमलं असतं. तिघंही एकदम नाही म्हणाली.

गालिचा अजून माझ्याकडे आहे. एका कोपऱ्याला कसर लागली होती, त्याचं काम चालू आहे. टोरांटो की दादर, ते ठरलेलं नाही. भाऊ फोन करतो, पण फक्त कडा धरल्या का तेवढं विचारतो.

काढलेला दोरा आणि कागदावर पडलेल्या एकतीस गाठी मी पाकिटात घालून ठेवल्या. नोंदवहीत जुन्या दुरुस्तीचं साल लिहावं लागतं, म्हणून त्याच दिवशी निघताना आत्याबाईंना विचारलं होतं. त्यांनी बोटांवर मोजलं, मग सोडून दिलं.

"मी चौथीत नापास झाले ते वर्ष," त्या म्हणाल्या. "लिहा तसंच."

तसंच लिहिलंय.