उत्तर सांगायची घाई नको

मुलं वर्गात रमावीत म्हणून खेळ, गाणी, स्लाइड्स असं बरंच काही सुचवलं जातं. मला मात्र सगळ्यात मोलाचं वाटतं ते प्रश्न विचारून थांबणं. अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबलं, तर मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारीही बोलू लागतात.

तरंगणं-बुडणं शिकवताना मी तासाच्या सुरुवातीलाच पाण्याने काठोकाठ भरलेला ग्लास टेबलावर ठेवते. त्यात बर्फाचे छोटे तुकडे तरंगत असतात. बर्फ वितळल्यावर पाणी सांडेल का? हात वर करायचे नाहीत. प्रत्येकाने वहीत उत्तर लिहायचं, कारणासकट, आणि मग ते शेजाऱ्याला पटवायचं.

"अगं, बर्फ पाण्याच्या वर आलाय ना, तेवढं पाणी वाढणारच!"

"पण वितळला की तो आक्रसतो ना?"

एकदा लिहून टाकलं की आपलंच खरं निघावं असं प्रत्येकाला वाटतं, त्यामुळे भांडणं जोरात होतात. मी बाकांमधून फिरत नुसती ऐकते. कोण कुठे अडलंय हे तेव्हा जितकं कळतं, तितकं वह्या तपासून कळत नाही. ग्लासाला बाहेरून दव धरलं की "सांडलं, सांडलं!" असा ओरडा होतो; मग ते पाणी कुठून आलं यावर आणखी एक वाद. प्रत्यक्षात पाणी सांडत नाही. तरंगणारा बर्फ आपल्या वजनाइतकंच पाणी बाजूला सारतो आणि वितळून त्याचं तेवढंच पाणी होतं. "बाई, बर्फात खडा अडकलेला असला तर?" असं कुणी विचारलं, की मला त्या तासाचं सार्थक वाटतं. (पातळी खाली जाते. का, ते त्यांनाच शोधू देते.)

आधी एकट्याने उत्तर, मग चर्चा, मग पुन्हा उत्तर ही पद्धत हार्वर्डमध्ये एरिक मेझर यांनी १९९१ पासून भौतिकशास्त्राच्या वर्गात रुजवली.

"अशाने पोर्शन कसा संपणार?" असं सहकारी विचारतात. मी नोट्स उतरवून देणं बंद केलंय. तो मजकूर पुस्तकात असतोच. मुलांची तक्रार वेगळी असते, "बाई, तुम्हीच समजावून सांगा ना, तेव्हा जास्त कळतं." हार्वर्डमध्येच २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच आढळलं होतं. स्वतः डोकं चालवणाऱ्या विद्यार्थ्यांना आपण कमी शिकलो असं वाटत होतं, चाचणीत मात्र तेच पुढे होते. म्हणून वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात मी हा निष्कर्ष मुलांना आणि पालकांना सांगून टाकते.