आमची वाटचाल: लाल शर्टापासून डार्करूमपर्यंत

स्टुडिओ सुरू केला तेव्हा आम्ही दोघंच, मी कॅमेऱ्यामागे आणि बायको एडिटिंगला, पासपोर्ट फोटो आणि फॅमिली फोटो हेच काम, ब्लॅक अँड व्हाइट तर डोक्यातही नव्हतं.

एकदा एक ताई वडिलांना घेऊन आल्या. काकांचा शर्ट लालभडक, फोटोत नजर सारखी शर्टावरच जायची, काही केल्या जमेना म्हणून बायकोने रंगच काढून टाकले आणि एकदम काका दिसले. डोळ्यांखालच्या सुरकुत्या, घट्ट मिटलेले ओठ, मांडीवर एकमेकांत अडकवलेली बोटं. ताई म्हणाल्या, "बाबा गप्प बसले ना की अगदी असेच दिसतात." त्यांना विचारून त्याची एक प्रिंट आम्ही भिंतीवर लावली आणि मग लोक तीच बघून यायला लागले.

पण ती पहिली प्रिंट नशिबाने जमली होती, खरं सांगतो. नंतर नुसतं सॅच्युरेशन, म्हणजे रंगांची तीव्रता, शून्य करायचो तर चेहरा मातकट राखाडी, ओठ आणि गाल एकाच टोनमध्ये. हळूहळू कळलं की कुठला रंग किती उजळ ठेवायचा हे आपणच ठरवायचं असतं. रेड चॅनल, म्हणजे फोटोतला लाल रंगाचा भाग, वाढवला की त्वचा उजळ आणि नितळ होते, ब्लू वाढवला की एकूण एक डाग, एकूण एक सुरकुती वर येते. जुन्या काळी ऑर्थोक्रोमॅटिक नावाची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म असायची, तिला लाल रंग दिसायचाच नाही, म्हणून त्या काळच्या फोटोंत ओठ एवढे काळपट. लहान बाळ आणि ऐंशीच्या आजी यांना एकच सेटिंग लावणं मला तरी पटत नाही.

लाइटिंगचं म्हणाल तर पोर्ट्रेट फोटोग्राफर युसूफ कार्श यांनी काढलेला ब्रिटिश पंतप्रधान चर्चिल यांचा फोटो आम्ही कितीदा बघितला असेल, 30 डिसेंबर 1941, कॅनडातलं ओटावा, कार्श यांनी चर्चिल यांच्या तोंडातला सिगार काढून घेतला आणि लगेच क्लिक केलं. राग तर आहेच, पण काळा कोट मागच्या अंधारात मिसळतो आणि उरतो तो चेहरा आणि हात, ते बघून आम्ही मागचा पांढरा पडदा काढला, आता एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला उजेड परत चेहऱ्यावर टाकायला थर्माकोलची पांढरी शीट, बास.

"सुरकुत्या काढा ना" असं अजूनही लोक म्हणतात, तेव्हा दोन्ही प्रिंट शेजारी ठेवतो आणि त्यांनाच निवडू देतो.

गेल्या वर्षी जुना एन्लार्जर घेतला, म्हणजे फिल्मच्या निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो उतरवायचं यंत्र. डार्करूममध्ये लाल दिव्याखाली कागद डेव्हलपरमध्ये, म्हणजे फोटो उमटवणाऱ्या रसायनात, टाकला की आधी गडद भाग उमटतात, भुवया, बुबुळं, आणि गाल कपाळ यायच्या आधीच समोरचा माणूस आपल्याकडे बघत असतो.