पेटीच का? तुम्ही विचारलंत म्हणून

आमच्या बेळगावातलं आवडतं ठिकाण विचारलंत तर माझं उत्तर किल्ल्यातली कमल बस्ती, जुनं जैन मंदिर. त्यावर कुणी वाद घालत नाही. रट्ट राजांच्या काळातलं, १२०४ सालचं काम; मंडपात शिरलात की आधी मान वर करा, छतातून खाली झुकलेलं पाकळ्या-पाकळ्यांचं दगडी कमळ बघा, खांब नंतर. घाई करू नका, एवढंच.

भांडण होतं ते आवडत्या वाद्यावरून. मी पेटी, म्हणजे हार्मोनियम, म्हणतो आणि समोरून ठरलेलं ऐकायला मिळतं: "पेटी? तिच्यात सुरावरून सुरावर घसरत जाणारी मींड नाही, गंधार (ग) हवा त्यापेक्षा चढा, ऑल इंडिया रेडिओनं सुद्धा १९४० साली तिला बाहेर काढलं होतं. बेळगावचे म्हणून म्हणताय झालं!"

बेळगावचा म्हणून म्हणतो, होय की. रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) ज्या गावात पेटी वाजवत आणि शिकवत राहिले, त्या गावच्या माणसानं पेटीचं नाव घेताना लाजायचं का? पण नुसत्या अभिमानावर माझं म्हणणं उभं नाही. तुमचे तिन्ही आक्षेप मला तुमच्यापेक्षा बारकाईनं माहीत आहेत.

मींड नाही, कबूल. पट्टी दाबली की झडप उघडते, हवा रीडमधून जाते आणि तिची पितळी जीभ आपल्या ठरल्या वेगानं हलते. दोन सुरांमधल्या वाटेशी तिचा संबंध नाही. चांगला वादक आधीची पट्टी सोडायला किंचित उशीर करतो, त्याच वेळी भात्याचा दाब सैल करतो आणि कानाला वाट दिसल्यासारखी वाटते. ती फसवणूकच आहे, पण मला आवडते. रेडिओचं म्हणाल तर त्यांची ही तक्रार तांत्रिकदृष्ट्या खोटी नव्हती. बंदी तीसेक वर्षं चालली, तेवढ्यात मैफलींतली पेटी काही थांबली नाही.

खरं दुखणं गंधाराचं आहे. सप्तकाचे १२०० सारखे भाग, म्हणजे सेंट, धरले तर पेटीत बारा सुरांमध्ये सारखं शंभर-शंभराचं अंतर असतं. म्हणून पेटीचा शुद्ध गंधार षड्जापासून (सा) ४०० वर. तंबोऱ्याच्या षड्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो ३८६ वर. हे चौदा सेंट दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. पंचमात (प) मात्र फरक जेमतेम दोनाचा, म्हणून तो कुणाला खुपत नाही.

मग गंधार उतरवून घ्या की, असं तुम्ही म्हणाल. खानापूर तालुक्यातल्या एका भजनी मंडळानं तेच केलं. बुवांचा, म्हणजे मुख्य गायकाचा, षड्ज काळी एक (पहिली काळी पट्टी), म्हणजे गंधार पांढरी चार (चौथी पांढरी). कारागिरानं जिभेखाली पातळ पातं सरकवलं, मुळाशी, रिव्हेटच्या जवळ, हलकेच खरवडलं. मुळाशी पितळ कमी झालं की सूर उतरतो, टोकाशी कमी झालं की चढतो. पेटी जोडसुरांची, एका पट्टीला दोन रीडी, तेव्हा नराबरोबर (वरच्या सुराची) खर्जाची (खालच्या सुराची) रीडही तेवढीच उतरवली. एकच उतरवली असती तर दोघी आपसात थरथरत राहिल्या असत्या. प्रत्येक वेळी रीड जागेवर बसवून, वाजवताना असतो तेवढाच भात्याचा दाब ठेवून तपासली. काम चोख होतं. बुवांचा गंधार तंबोऱ्यात असा मिसळला की पेटी वाजतेय हे कळेना.

आषाढी आली. बायकांचं भजन त्याच पेटीवर, षड्ज काळी पाच. काळी पाचचा पंचम कुठली पट्टी? पांढरी चार. चौदा सेंट उतरवलेली तीच. तंबोऱ्याचा पंचम ७०२ वर, पेटीचा ६८६ वर. दोन्ही एकत्र वाजले की मधल्या सप्तकात आवाजाला सेकंदाला तीनेक हेलकावे पडतात. गाणारीला वाटतं आपलंच चुकतंय, ती सूर सरकवते, मागच्या जणी आणखी सरकतात. गंधार चढा असला तर निभतं. पंचम उतरला की टाळकऱ्यांनाही कळतं.

दुसऱ्या कारागिरानं टोक घासून सूर परत वर आणला. बुवांनी तक्रार केली, पुन्हा मूळ खरवडलं. पितळ दोन्हीकडून गेलं. जीभ पातळ झाली, आवाज चिरका येऊ लागला, जोरात भाता मारला की सूर हलायचा. शेवटी रीड बदलावी लागली आणि नवीन रीडचा आवाज शेजारणींशी काही केल्या जुळेना. तान घेताना त्या एका पट्टीवर दात किडल्यासारखं लागायचं.

स्केल चेंजर घ्यायचा होता, असं सांगणारे भेटतात. त्यात पट्ट्या सरकतात, रीडी जागच्या जागी राहतात. उतरवलेली रीड कुठल्याही पट्टीनं वाजवा, उतरलेलीच वाजणार.

या प्रकारानंतर मी म्हणू लागलो की पेटीच्या सुरांना हात लावू नये. त्याआधी मी श्रुतीत, म्हणजे तंबोऱ्याशी जुळवून, लावलेल्या पेटीचा वकील होतो आणि तेव्हाचे मुद्दे आजही मला खोडता येत नाहीत. तो गंधार एकदा ऐकलेला कान पुन्हा ४०० वर आनंदानं बसत नाही. एकाच गवयाची पेटी असेल तर खुशाल लावून घ्यावी, मंडळाची असेल तर नको, असं मी हल्ली सांगतो. पण गावात चांगला गवई एकच, आणि तोच मंडळाचा बुवा, असं असलं तर? तिथं माझं अडतं.

आता जे विचारायला हवं आणि कुणी विचारत नाही ते. आपल्याकडच्या पावसात पेटी श्रुतीमुळे नव्हे, ओलीमुळे मरते. लाकूड फुगतं, पट्ट्या एकमेकींना घासून खाली बसतात. अशी पट्टी काढून बाजू बारीक पॉलिश पेपरनं घासा. तेल घालू नका, त्यावर धूळ बसते. ओल घालवायला पेटी उन्हात ठेवू नका, सरस सुटतो, फळीला चीर जाते. कपाटात बंदही ठेवू नका. आठवड्यातून एकदा काढून सगळ्या पट्ट्या वाजवा, नाहीतर भात्याच्या घड्यांत बुरशी धरते. सूर मुका झाला तर बहुतेक वेळा जिभेच्या फटीत कचरा असतो, पातळ कागद एकदा हळूच फिरवला की बोलतो. पट्टी न दाबताच सूर लागून राहिला तर झडपेखालचं कातडं किंवा स्प्रिंग बघा. आणि रीड बेसूर वाटली तर कानस उचलण्याआधी चार दिवस कोरड्या जागी पेटी ठेवून पुन्हा ऐका.