सड्यापलीकडचा खांब

फेब्रुवारीतली पहाट, साडेपाचची वेळ. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या हापूसच्या बागेत मी कानटोपी घालून बसले होते. शेजारी तिवईवर आमचा डबा, तोंड आभाळाकडे चाळीस अंशांवर. आंब्याच्या पानांवरून दव पावसासारखं टपटपत होतं. दोनशे मीटरवर जेटीवर माझा विद्यार्थी दुसरा डबा घेऊन उभा होता. आमच्या मधे जांभ्याचा उंचवटा, त्यामुळे त्याची बॅटरीसुद्धा मला दिसत नव्हती.

न दिसणं हाच तर प्रयोग होता: मधे आड असताना त्याच्या डब्यातून माझ्या डब्यात प्रकाशाने निरोप पाठवायचा. त्याच्या डब्यात २६५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील एलईडी होते, माझ्या डब्यात तो प्रकाश मोजणारं यंत्र. सूर्याच्या प्रकाशातला २८० च्या खालचा भाग वरचा ओझोन गिळून टाकतो, जमिनीपर्यंत जवळजवळ काहीच पोचत नाही. म्हणून या पट्ट्याला ‘सोलर-ब्लाइंड’ म्हणतात. भर दुपारीही इथे काळोख असतो, आणि अशा काळोखात एकेक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एकेक कण, मोजता येतो. शिवाय तरंगलांबी जितकी कमी तितका प्रकाश हवेत जास्त विखुरतो, तोही चौथ्या घाताने. ४५० च्या निळ्यापेक्षा २६५ चा प्रकाश सुमारे आठपट. दोन्ही डबे वर बघतात, त्यांचे शंकू आभाळात एकमेकांना छेदतात आणि तिथल्या हवेने विखुरलेला थोडासा उजेड माझ्याकडे उतरतो.

बागेच्या काकांना हे आदल्या संध्याकाळी समजावताना माझी दमछाक झाली होती. शेवटी त्यांनीच सोपं केलं. “म्हणजे आंबा घाटात धुकं असलं की वळणापलीकडच्या गाडीचा उजेड आधी दिसतो नि गाडी मागनं येते, तसंच ना मॅडम?” तसंच. हे वाक्य मी तेव्हापासून वर्गात वापरते.

वेग ठेवला होता सेकंदाला हजार बिट. उजेड म्हणजे एक, काळोख म्हणजे शून्य. निरोप एकच: ‘आंबा’. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे चार चिन्हांचे बारा बाइट, शहाण्णव बिट. ‘मँगो’ रोमन लिपीत पाठवला असता तर निम्म्यात भागलं असतं, पण हट्ट.

आंबा काही येईना. प्रत्येक वेळी चौकोन आणि प्रश्नचिन्हं. विद्यार्थ्याला फोन करून एलईडी बंद करायला सांगितले, तरी मोजणी चालूच! पहिला संशय विजेच्या गोंगाटाचा. डब्यावर काळं कापड टाकलं तर आकडा जवळजवळ शून्यावर आला. म्हणजे प्रकाशच. मग खिडकीची साधी काच पुढे धरली, तरीही शून्य. साध्या काचेतून आमचा पट्टा जात नाही. म्हणजे हा उजेड अतिनीलच होता, आणि तो आमचा नव्हता.

मग मी कागद घेऊन बसले. पाठवलेले बिट वर, आलेले खाली. चुका सगळ्या एकाच जातीच्या: शून्याचा एक झालेला, एकाचा शून्य कुठेच नाही. बरोबरच, जास्तीचा उजेड भर घालतो, काढून काही घेत नाही. आणि चुकांमधलं अंतर? दहा बिटच्या आसपास, फार तर वीस, तीस. हजाराच्या वेगात दहा बिट म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग. सेकंदाला शंभर ठोके, आपल्या विजेच्या सेकंदाला पन्नास आवर्तनांच्या दुप्पट. आपली वीज बोलत होती.

वेल्डिंग असणार, असं मी खात्रीने ठरवलं. ट्रॉलरच्या दुरुस्तीत वेल्डिंग चालतंच आणि वेल्डिंगच्या ठिणगीत हाच प्रकाश असतो. नुसत्या डोळ्यांनी बघणाऱ्याचे डोळे रात्री वाळू गेल्यासारखे खुपतात ते त्यामुळेच. विद्यार्थ्याने सगळी जेटी पालथी घातली. “मॅडम, कुत्रीपण झोपलीत.”

नऊच्या सुमाराला ऊन चढलं, दव वाळलं, आणि मोजणी आपोआप बसली. काही न करता दोष गेला की मला आनंदापेक्षा राग जास्त येतो. काका चहा घेऊन आले. मी चुकांचा कागद दाखवला, तो त्यांनी बघितलाही नाही. “बर्फाच्या कारखान्याचा खांब बघितलात काय? दव पडलं की चरचरतो तो. पावसाळ्यात नाय.”

दुसऱ्या पहाटे आम्ही उंचवट्यापलीकडे गेलो. अकरा हजार व्होल्टच्या लाईनचा खांब, समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याच्या थेट तोंडावर. तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा आवाज. काळोखात इन्सुलेटरच्या कपांवर बारीक जांभळट ठिणग्या सरपटत होत्या. ऑक्टोबरपासून पाऊस नाही, त्यामुळे मीठ धुतलं गेलेलं नाही. दवाने ते ओलं होतं, पृष्ठभागावरून वीज झिरपते, त्या उष्णतेने मधेच पट्टे वाळतात आणि वाळलेल्या पट्ट्यावरून ठिणगी उडी मारते. ठिणगीत हवेतला नायट्रोजन थोडा आमच्या पट्ट्यातही उजळतो. तोच उजेड उंचवट्यावरून, आमच्याच वाटेने, माझ्या डब्यात उतरत होता.

वीज कंपन्या अशाच पट्ट्याचे कॅमेरे घेऊन उपकेंद्रांत हिंडतात, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण मी शोधत होते ट्रॉलर.

काकांनी वायरमनला फोन लावला. परमिट घेऊन, लाईन बंद करून त्याने दुपारी कप फडक्याने पुसले. फडकं दाखवायला तो मुद्दाम बागेत आला. राखाडी, चिकट, वास चक्क सुक्या मासळीच्या खळ्याचा. “तुमच्या डब्याला कसं कळलं हो?” मी घाटातली गाडी सांगितली.

तिसऱ्या पहाटे दव तेवढंच होतं. सहा वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर ‘आंबा’ उमटला, अनुस्वारासकट. काकांना हाक मारली. ते आले, पडद्याकडे बघितलं, मग मोहोराकडे. “ह्यो लवकर आला,” म्हणाले आणि फवारणीचा पंप घेऊन निघून गेले.