चार नंबरचा मामा

अमेरिकेतल्या सॅन होजेमध्ये मी वंशशोधनाचं काम करते. लोक जुनी कागदपत्रं आणि डीएनएचे अहवाल घेऊन येतात, त्यांतून नाती लावून द्यायची. या शहरात व्हिएतनामी वस्ती मोठी, त्यामुळे बरीच प्रकरणं त्यांच्याच घरांतली असतात. त्यांतलं हे एक. कुटुंबाची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

एक तरुण मुलगी आली. तेतला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, तिने आई आणि मामा दोघांना डीएनए चाचणीचे संच भेट दिले होते. मामाचा बाप अमेरिकन सैनिक, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या बापाकडचं कुणीतरी सापडेल, एवढीच तिची अपेक्षा. अहवाल आला तेव्हा आई आणि मामा एकमेकांच्या यादीतच नव्हते. सामायिक डीएनए शून्य.

शून्य दिसलं की लगेच खरं मानायचं नसतं. एखाद्याने नातेवाईक दाखवण्याची सोय बंद ठेवली असेल, तर सख्खा भाऊही यादीत येत नाही. दोघांनी वेगवेगळ्या कंपन्यांत चाचणी केली असेल तरी तेच. एकाच टेबलावर दोघं नळीत थुंकले की नळ्यांची अदलाबदल होते, हेही मी पाहिलंय. इथे दोघांची सोय चालू होती, कंपनी एकच होती. आई आणि मुलगी यांच्यात सुमारे 3,400 सेंटीमॉर्गन (जुळणारा डीएनए मोजायचं एकक) जुळत होते, म्हणजे आईचा नमुना आईचाच. मामाच्या यादीत सगळी अमेरिकन नावं, आणि सर्वांत वर ओहायोतली एक बाई, 1,780 सेंटीमॉर्गन. म्हणजे त्याचाही नमुना बरोबर. आई किंवा बाप एकच असलेल्या सावत्र भावंडांत सरासरी 1,750 च्या आसपास जुळतं, कमीत कमी अकराशे-बाराशे. एका आईची दोन मुलं आणि जुळणी शून्य, असं होऊच शकत नाही.

मुलीने इंटरनेटवर वाचून निष्कर्ष काढलेलाच होता: आजीने मामाला विकत घेतलं. असं घडत होतं, हे खरं. अमेरिकेने 1987 मध्ये अमेरेशियन कायदा केला. 1 जानेवारी 1962 ते 1 जानेवारी 1976 या काळात व्हिएतनाममध्ये जन्मलेल्या, अमेरिकन बापाच्या मुलांना तिथून आणायचं, आणि सोबत त्यांच्या घरच्यांनाही. बापाचे कागद बहुतेकांकडे नव्हतेच. मुलाखतीत चेहराच पुरावा धरला जाई. ज्या पोरांना दारात कुणी उभं करत नव्हतं, त्यांच्यामागे पैसेवाली कुटुंबं लागली. व्यवहार सोन्यात व्हायचा, साडेसदतीस ग्रॅमच्या 'काय'मध्ये. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मुलाखती कडक झाल्या आणि अशी पुष्कळ कुटुंबं नाकारली गेली.

पण 'विकत घेतलं' म्हणून वही मिटली, की त्या घरातलं बाकीचं सगळं तसंच गाडलेलं राहतं. मी तिला एकच काम दिलं. घरात कोण कुणाला काय हाक मारतं, ते कागदावर लिहून आण.

दक्षिण व्हिएतनामी घरात भावंडांना नंबराने हाक मारतात, आणि पहिल्या मुलाला 'एक' म्हणत नाहीत, 'दोन' म्हणतात. थोरलं हाय, म्हणजे दोन. मग बा तीन, तू चार, नम पाच, साउ सहा. सगळ्यांत धाकट्याला बऱ्याचदा ऊत. दगावलेल्या मुलाचा नंबर सहसा पुढच्याला देत नाहीत. त्यामुळे नुसती मोजदाद केली तरी राहून गेलेलं मूल दिसतं. तिच्या यादीत हाय मावशी, बा मावशी, नम मावशी आणि साउ म्हणजे तिची आई. मामा कागदोपत्री तिसरं अपत्य, म्हणजे तो 'तू' हवा. त्याला मात्र घरात सगळे नावाने हाक मारत. चार नंबर रिकामा होता.

दुसरा प्रश्न मी मामालाच विचारला: तुमची रास कोणती? जन्मतारीख विचारून उपयोग नसतो. लष्करभरती चुकवायला, शाळेत घालायला, छावणीत नाव नोंदवायला तारखा बदललेल्या असतात, आणि 1 जानेवारी दिसली की बहुधा कारकुनाने भरलेली. बारा प्राण्यांच्या चक्रातला आपला प्राणी मात्र माणूस विसरत नाही, लग्न जुळवताना तोच पाहतात. मामाच्या कागदांवर ऑक्टोबर 1969, म्हणजे कोंबड्याचं वर्ष. तो म्हणाला, डुक्कर. डुकराचं वर्ष 27 जानेवारी 1971 ते 14 फेब्रुवारी 1972. पाश्चात्त्य सालाशी प्राणी थेट जोडू नये. जानेवारी-फेब्रुवारीतला जन्म असेल तर त्या साली तेत कधी होता, हे पाहावंच लागतं.

तिसरा धागा देव्हाऱ्याशी सापडला. पूर्वजांच्या वेदीवर आजोबांचा फोटो होता, त्यांचं श्राद्ध व्हायचं. त्याला 'यो' म्हणतात, आणि ते आपल्यासारखंच चांद्र तिथीने करतात. शिवाय चांद्र तिसऱ्या महिन्यात आणखी एक पान वाढलं जायचं, फोटो नसलेलं. कुणाचं, म्हटल्यावर आजी म्हणायची, वाटेत गेलेल्यांचं. आपल्याकडे तिथी माहीत नसेल तर सर्वपित्री अमावास्या असते. 1975 नंतर होड्यांतून देश सोडताना समुद्रात हरवलेल्यांसाठी तिथे बऱ्याच घरांत निघाल्याचा दिवसच धरतात. (तिथीवरून इंग्रजी तारीख काढायची तर व्हिएतनामी पंचांगच वापरा. चिनी पंचांगाशी ते क्वचित फारकत घेतं; 1985 चा तेत तर चिनी नववर्षाच्या तब्बल महिनाभर आधी आला होता.)

म्हणजे 1969 च्या कोंबड्याच्या वर्षात जन्मलेला एक मुलगा या घरात होता, तो निघाला आणि पोचला नाही. आणि मामा त्याच्या नावावर जगत होता.

कागदांनी ते पक्कं केलं. मामाने स्वतःची इमिग्रेशनची फाइल माहितीच्या कायद्याखाली मागवली. ज्याची फाइल त्याचीच सही लागते, तीही शपथेवर. जिवंत माणसाची फाइल त्याच्या संमतीशिवाय मिळत नाही, मृताची हवी असेल तर मृत्यूचा पुरावा जोडावा लागतो. लोक हमखास अडकतात ते एका गोष्टीत: शोध खऱ्या नावाचा असला तरी अर्जात फाइलीवरचं नाव आणि फाइलीवरचीच तारीख द्यावी लागते. आडनाव पुढे-मागे झालेलं असतं, म्हणून दोन्ही क्रम लिहावेत. एलियन क्रमांक, म्हणजे इमिग्रेशनचा फाइल क्रमांक, जुन्या ग्रीन कार्डावर किंवा नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावर सापडतो.

फाइलीत 'हो खाउ'ची, म्हणजे कुटुंबनोंदवहीची नक्कल होती. 1975 नंतर दक्षिणेतही रेशन, शाळा, नोकरी सगळं या वहीवर चाले. चौथ्या ओळीत चार नंबरच्या मुलाचं नाव, 1969. पळून गेलेल्याची नोंद घरच्यांनी कमी केलीच नव्हती, कारण तसं सांगणं म्हणजे बेकायदा देश सोडल्याची कबुली. नाव वहीत राहिलं, आणि 1989 मध्ये त्या नावाला एक चेहरा मिळाला.

इथे मी काम थांबवलं आणि त्यांना इमिग्रेशनच्या वकिलाकडे जायला सांगितलं. असं प्रकरण हाताशी असलेल्या प्रत्येकाला मी हेच सांगेन. खोट्या माहितीवर मिळालेलं नागरिकत्व दिवाणी दाव्यात काढून घेता येतं, आणि त्याला मुदतीची मर्यादा नाही. वकिलाशी बोललेलं गोपनीय राहतं. माझ्याशी बोललेल्याला ते संरक्षण नाही. जन्मतारीख दुरुस्त करू, सार्वजनिक वंशवृक्षावर टाकू, असलं काही त्याआधी करायचं नाही. या घरात धोका कुणाला होता, तेही नीट पाहा. मामा खराच अमेरेशियन, कायदा त्याच्यासाठीच होता. त्याच्या आधाराने आले होते ते आजी आणि चार मुली. 'मामाला आपण सांभाळलं' असं ज्या घरात तीस वर्षं बोललं गेलं, ते घर अमेरिकेत त्याच्यामुळे उभं होतं. नातीला हे समजलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

आजी वकिलाशी एकटीच बोलली. मग तिने स्वतः निरोप पाठवला, घरी या.

अशा भेटीची तयारी लागते. दुभाषी घरचा नको. मुलगी आईचं बोलणं नकळत मऊ करून सांगते. दुभाषी दक्षिणेकडच्या बोलीचा हवा, आणि वयाने थोडा मोठा. ध्वनिमुद्रण नाही. कायद्याला लागेल असं काही मी विचारायचं नाही, हे आधी ठरलेलं. पहिला मान मामाचा, कारण गोष्ट त्याची होती. नातवंडं मागे बसली.

आजीने वेदीच्या खालच्या खणातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला वहीचा अर्धा कागद. निळ्या बॉलपेनचं अक्षर फिकटलेलं, घड्यांवर चिरलेलं, खाली तांबड्या शाईचा अंगठा, कडेला पसरलेला. मूल दिल्याचा कागद, 1989 चा. देणाऱ्या बाईचं पूर्ण नाव, वाडी, तालुका. मुलाचं नाव. जन्म तान होय, म्हणजे डुकराचं वर्ष, चांद्र आठवा महिना.

मामा आई आठवणार नाही इतक्या लहानपणी तिच्यापासून दुरावलेला, आणि त्याला आयुष्यभर सांगितलं गेलं होतं की तो सायगॉनजवळच्या बिएन होआच्या बाजारात सापडलेलं पोर. पण हा कागद झाला तेव्हा त्याची आई जिवंत होती. तिला आणखी दोन लहान मुलं होती, आणि मध्यस्थाने आजीकडून तीन काय सोनं घेतलं. त्यातलं आईला किती पोचलं, आजीलाही ठाऊक नव्हतं.

मग ती चार नंबरविषयी बोलली. 1981, राच याचं बंदर, मुलगा बारा वर्षांचा, सोबत त्याचा काका. पत्र आलं नाही. बहिणींना माहीत होतं की तो होडीत बसला. घर बदललं तर तो कुठे येईल म्हणून आजी आठ वर्षं निघायला तयार नव्हती, हे त्यांना त्या दिवशी कळलं. मुलाखतीच्या तालमीत तिने मामाला त्याच्या सवयी पाठ करून दिल्या होत्या: कुठल्या कुशीवर झोपतो, माशाचा कुठला तुकडा खातो. फिलिपाइन्सच्या बातान छावणीत इंग्रजी शिकवण्याच्या सहा महिन्यांतही त्या तालमी सुटल्या नाहीत. मामा मध्येच म्हणाला, "मी अजून त्याच कुशीवर झोपतो."

मामाने आजीला एकच विचारलं, मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तू आईला शोधायला गेला असतास. फाइल उघडली असती. मुली कुठे गेल्या असत्या?" तो तिला 'मा'च म्हणाला, नेहमीसारखा. त्यापलीकडे त्यांच्यात काय झालं, ते त्यांचं आहे.

माझ्या मते आजीचं गणित चुकीचं नव्हतं, पण त्याची किंमत एकट्या मामाने मोजली. म्हणून पुढचं काय आणि कधी, हे त्यानेच ठरवायचं, असं मी नातीला स्पष्ट सांगितलं. तिला घाई फार होती.

वंशावळीच्या वहीत, जिला ते 'या फा' म्हणतात, आता दोन ओळी आहेत: चार नंबर त्याच्या नावाने आणि निघाल्याच्या तिथीसह; मामा त्याच्या जन्मनावाने, दत्तक म्हणून. वही घरातच राहते, इंटरनेटवर नाही.

ओहायोच्या बाईला पहिला निरोप आम्ही चार वाक्यांचा लिहिला. किती सेंटीमॉर्गन जुळतात, जन्मसाल, आईचा परिसर, आणि एक प्रश्न: तुमच्या घरात 1970-71 मध्ये तिकडे कुणी होतं का? 'तुमचे वडील' हे शब्द टाळले. 1,780 म्हणजे सावत्र बहीण, आत्या किंवा आजी, काहीही असू शकतं. वय कळल्याशिवाय सांगता येत नाही. पैसे, कागदपत्रं, भेट, कशाचाही उल्लेख नाही. बाई 1968 ची निघाली, म्हणजे सावत्र बहीण. तिचे वडील बिएन होआच्या हवाई तळावर होते.

आईकडचा शोध अवघड आहे. अमेरिकन कंपन्यांच्या साठ्यात व्हिएतनाममधल्या लोकांचे नमुने थोडे, त्यामुळे भिस्त कागदावर. वाडी-तालुक्यांची नावं 1975 नंतर बदलली, हद्दी हलल्या. जुन्या नकाशावर ती वाडी आधी शोधावी लागेल. मामाने वकिलाला विचारून झालं आहे. तो स्वतः जाणार आहे, आणि सोबत साउ, म्हणजे नातीची आई, येते म्हणाली आहे.